डब्यांखालचा पेपर

रविवार म्हणून स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसायला काढल्या. डबे उतरवले, तर खाली अंथरलेला जुना पेपर तेलाने पिवळा पडलेला. मथळा मात्र स्वच्छ वाचता येत होता : ‘बँक सुधारणा लागू, ठेवीदारांनी घाबरू नये.’ त्यावर विसंबूनच बाबांनी गावातल्या सहकारी बँकेतली ठेव मोडली नाही. महिन्याभरात बँकेचं शटर खाली आलं. बाबा गेले, तरी ते उघडलेलं नाही.

चहाच्या कपाशेजारी आजचा पेपर होता. सुधारणा नवी, मंत्री नवे, ‘घाबरू नये’ मात्र तेच. फसवताना निदान शब्द तरी बदलावेत, एवढीही आमची किंमत नाही?

संतापून मी तो फळीवर पालथा अंथरायला घेतला.

“सुलटा घाल,” आई म्हणाली. “पुन्हा घरात कुणी विश्वास ठेवायला निघालं, तर डबा उचलून दाखवता येईल.”