लहानू पेंटरचे पंधरा टक्के

लहानू पेंटर म्हणजे माझे भाऊजी. कांताताईचा नवरा. त्याईच्याइतका अडेल माणूस मी रायपुरात दुसरा पाहिला नाही, आणि मी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बावीस वर्षं बसून राहिलो, म्हणजे माणसं काही कमी पाहिली नाहीत. माझ्यापुढे येणारा प्रत्येक जण आपलं दुखणं वाढवून सांगतो. करंगळी खरचटली तरी हात गळ्यात बांधून येईल. आणि हे आमचे भाऊजी, ज्याईचा उजवा हात खरोखर कामातून गेला, ते मले सांगतात, "लिही दिवाकर, थोडंसं लागलं."

थोडंसं. काय बोलावं आता.

भाऊजी मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत होते म्हणून इकडे आले. वडिलांनी नोकरीसाठी किती डोकेफोड केली, पण ह्यांनी ब्रश धरला तो धरलाच. राज्य नवं झालं तेव्हा त्याईची चांदी झाली. प्रत्येक सरकारी बोर्डावरचं मध्यप्रदेश पुसून छत्तीसगढ़ लिहायचं होतं. गाड्यांचे नंबर बदलायचे होते. पोट्टे रात्रंदिवस दारात उभे, पेंटर भैया आमची गाडी आधी. अक्षराले अशी सावली द्यायचे की वाटे, हात लावला तर उचलून येईल. मेश्राम हे आडनाव कोणाले माहीतच नव्हतं. पेंटर म्हटलं की पुरे.

दोन वर्षांनी तेलीबांध्याले एका नव्या ऑफिसचा बोर्ड लिहून राहिले होते. शिडीवर होते. रिव्हर्स घेणाऱ्या मिनीट्रकच्या ड्रायव्हरनं मागं पाहिलंच नाही. शिडी गेली, भाऊजी उजव्या मनगटावर पडले. हाड दोन जागी तुटलं, प्लेट टाकली, आणि एक नस दबली ती दबलीच. बोटं मिटतात, पण काही धरत नाहीत. चहाचा कप दोन हातांनी उचलतात. शर्टाची बटनं ताई लावून देते. तीच ताई पहाटे पाचला एका होस्टेलात पोळ्या लाटायला जाते, कारण दोन वर्षांत भाऊजींनी एक बोर्ड लिहिला नाही. पण गिऱ्हाईक आलं की म्हणतात, "चार दिवसांनी या." दोन वर्षं झाली, चार दिवस काही संपत नाहीत.

ट्रकच्या विमा कंपनीकडून भरपाई मागायचा क्लेमचा अर्ज मीच टाइप केला. एक पैसा घेतला नाही. दोघांले समोर बसवून हिशेब समजावला. महिन्याची कमाई पाच हजार धरा. वर्षाचे साठ हजार. वय बेचाळीस, म्हणून कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे पंधरानं गुणायचं. झाले नऊ लाख. आता हातामुळे कमाई जेवढे टक्के बुडाली, तेवढा त्यातला हिस्सा तुमचा. साठ टक्के धरले तर पाच लाख चाळीस हजार. वरून दवाखान्याचा खर्च वेगळा.

ताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मले पोळ्या लाटायला जावं लागणार नाही?"

"नाही लागणार," मी म्हटलं. चूक झाली माझी. पैसा हातात यायच्या आधी असं बोलायला नको होतं.

मग मेडिकल बोर्डाची तारीख लागली. मी दारात उभा होतो. डॉक्टरनं हात हलवून पाहिला, बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "कुछ लिखकर दिखाओ." भाऊजींनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, श्वास रोखला, आणि लिहिलं. लहानू मेश्राम. छापल्यासारखं. कपाळावरून घाम गळत होता, पण डॉक्टर कागद पाहून राहिले होते, कपाळ नाही. म्हणाले, "अरे वा, हैंडराइटिंग तो हमसे अच्छी है." आणि सर्टिफिकेटवर अपंगत्व टाकलं, पंधरा टक्के.

मी डोक्याले हात लावला. बाहेर आल्यावर विचारलं, "काहून केलं असं?"

"महिनाभर सराव केला ना मी," भाऊजी म्हणाले. चेहऱ्यावर समाधान, काय सांगू. "डॉक्टरपुढे हात थरथरला असता तर काय इज्जत राहिली असती?"

"अहो, थरथरायलाच तर नेलं होतं तुम्हाले."

ते हसले. मले हसू आलं नाही.

तरी एक वाट होती. शरीर किती टक्के गेलं, ही एक गोष्ट. कमाई किती टक्के गेली, ही दुसरी. बाबूचा हात पंधरा टक्के गेला तर तो फाईल सरकवू शकते. पेंटरचा तेवढाच गेला तर त्याचा धंदाच बसला. कोर्टाले हे समजते, पण कोणी सांगितलं तर. लोक अदालतची तारीख आली, तेव्हा आदल्या दिवशी मी घरी जाऊन बसलो. म्हटलं, "भाऊजी, जजसाहेब विचारतील. एकच वाक्य म्हणायचं. मले आता काम जमत नाही. खोटं नाही, वाढवून नाही, जे आहे ते." आणि हेही सांगितलं, की समझोत्यावर एकदा सही झाली की विषय संपला. उद्या प्लेट काढावी लागली, बोटं आणखी आखडली, तरी कंपनी एक रुपया देणार नाही.

"हव," भाऊजी म्हणाले.

"म्हणून दाखवा."

"म्हणीन ना उद्या."

ताई म्हणाली, "पूर्णिमाचे बाबा, माझ्यासाठी म्हणा." ते उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. विमा कंपनीचा माणूस फाईल उघडून तयारच होता. कमाईचा कागद नाही म्हणून महिन्याले तीनच हजार धरले, हात पंधरा टक्के, दवाखान्याची बिलं मिळवली. एकूण एक लाख दहा हजार. आमचा वकील माझ्या कानात म्हणाला, "ले लो, जल्दी निपटेगा." त्याले वीस फाईली निपटवायच्या होत्या.

पण साहेब भला माणूस. त्यांनी आकडा बाजूले ठेवला आणि भाऊजींकडे सरळ पाहिलं. "आप पेंटर हैं ना? अब ब्रश पकड़ पाते हैं? सच बताइए, उसी हिसाब से बात करेंगे."

यापेक्षा जास्त कोण काय करील? दार उघडून दिलं माणसानं. ताईनं मागून भाऊजींच्या शर्टाची शिवण ओढली. मी मनातल्या मनात वाक्य म्हणून राहिलो होतो.

"पकड़ लेता हूँ साहब," भाऊजी म्हणाले. "पहले जैसी सफाई नहीं है, पर काम चल रहा है."

ताई उभी राहिली. "साहब, कोई काम नहीं चल रहा..."

भाऊजींनी मान वळवली. "कांता, बस." आवाज चढवला नाही. आणि ताई बसली. पहाटे पाचला शंभर पोट्ट्यांच्या पोळ्या लाटणारी माझी बहीण मुकाट्यानं खाली बसली. मले तिचाही राग आला.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "पक्का?"

"हव साहब."

पुढची फाईल निघाली.

सह्या बाबूच्या टेबलावर करायच्या होत्या. तीन प्रती. मागून लोक रेटून राहिले होते, कोपर टेकवायला जागा नव्हती. पहिली सही भाऊजींनी मनगट धरून केली. दुसरीच्या वेळी पेन घसरला आणि रेघ कागदाबाहेर गेली. बाबू म्हणाला, "दोनों साइन मिल नहीं रहे. कंपनी चेक रोक देगी. अंगूठा लगवा दो."

मी भाऊजींचा दंड धरला. "अजून वेळ आहे. हे दोन्ही कागद साहेबांपुढे नेऊन ठेवतो. तुम्हाले काहीच बोलावं लागणार नाही."

"ठेव तिथंच," भाऊजी म्हणाले. डावा अंगठा त्यांनी शाईच्या पॅडवर आधीच दाबला होता. तीन नव्या प्रतींवर तीन अंगठे उठले.

अंगठ्याखाली दुसऱ्यानं नाव लिहून द्यावं लागते. ते मी लिहिलं. रागारागानं, पेन दाबून. निशानी अंगूठा, लहानू मेश्राम. ताई आमच्याकडे पाठ करून उभी होती.

भाऊजी वाकले आणि म्हणाले, "धंदा पण लिही. पेंटर."

मी लिहिलं. त्यांनी कागद डाव्या हातानं जवळ ओढला आणि दुकानातल्या कच्च्या पोट्ट्याचं काम पाहावं तसं बारकाईनं पाहिलं.

"दिवाकर, ओळ खाली उतरून राहिली तुझी," ते म्हणाले. "पुढच्या कागदावर सरळ लिही."