अनुभवाचा रकाना

हैदराबादच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले, तेव्हा खाली दोघी उभ्या होत्या. एक माझी अम्मा आणि दुसऱ्या कारखान्याच्या ऑफिसातल्या मणियार मॅडम. अम्मा म्हणाली, "पोयि रा." जाऊन ये. नुसतं 'जा' असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. मॅडम म्हणाल्या, "फोल्डर मांडीवरच धर अंबू. चुरगळलं तर बघ!" त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा सोलापूर सोडत होते आणि ते प्लॅस्टिकचं फोल्डर पोटाशी धरून शाळकरी पोरीसारखी रडत होते.

चेकिंगच्या टेबलावरच्या माझ्या बायांनो, सोलापुरात राहिलेल्या आणि पुण्या-सुरतेला पांगलेल्या, असं फोल्डर तुमच्याकडेही आहे. पण माझ्या फोल्डरमधला कागद कसा तयार झाला, ते मी लाजेपोटी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपला टॉवेलचा कारखाना बंद होणार हे ठरलं, तेव्हा मॅडमना वरून एवढंच काम दिलं होतं की सगळ्यांच्या सह्या घ्या. त्यांनी सह्या घेतल्या आणि वर रोज जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात टेबल टाकून एकेकीला समोर बसवायला लागल्या. कुणाला कुठं काम मिळेल, ते शोधायला. मी म्हणाले होते, "आता ह्या वयात आमाला कोण नवरी करून नेणार हाय?" तुम्ही सगळ्या खदखदून हसलात. मी पण हसले. पण अम्माचं आणि माझं पोट माझ्या एकटीच्या हातावर होतं.

माझी पाळी आली. फॉर्मवर नाव लिहिलं, शिक्षण सातवी लिहिलं आणि अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, 'नाही'. मला खरंच तसं वाटत होतं. अनुभव म्हणजे चार ठिकाणी काम केलेल्या माणसाचा. मी तर संसार मोडून माहेरी आले तेव्हापासून एकाच टेबलाशी उभी.

मॅडमनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "बावीस वर्षं हितं काय झोपा काढत होतीस व्हय?" मग पेन उचललं. "सकाळी आल्यावर पहिलं काय करतेस, ते सांग."

"काय करणार? पदर खोचते."

"लिहिलं. मग?"

मी सांगत गेले. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी येऊन अर्धा दिवस माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. टॉवेल हाताखालून सरकताना सुटलेला धागा डोळ्याआधी बोटाला कळतो, कुठला डाग धुऊन जाईल आणि कुठला नाही हे मी लांबून सांगते, नव्या बायकांना मीच शिकवते, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "घरात काय बोलता?"

"तेलुगू."

"मग लिहिलं का न्हाईस?"

घरातली बोली कुणी फॉर्मवर लिहितं का! पण त्याच एका ओळीवरून त्यांनी हैदराबादच्या एका हॉस्पिटलला फोन लावला. तिथं चादरी-टॉवेलच्या स्टोअरला बाई हवी होती. तीनदा नकार आला, चौथ्यांदा बोलावणं आलं. मग सराव म्हणून आठवडाभर त्याच माझी मुलाखत घेत बसल्या. "मान वर कर. पदराशी काय बोलतेस?" एवढा जीव मला कुणी लावला नव्हता.

आज ते स्टोअर मी सांभाळते. सोलापुरात घरात तेलुगू आणि बाहेर मराठी होती, इथं सगळं उलटं झालंय. माझ्या तेलुगूला नर्सा हसतात, कारण त्यात निम्मी मराठी. सहा महिन्यांनी अम्मालाही आणलं. भांडायचं असलं की ती आता मराठीत भांडते. सोलापूरची खोली सोडली, तरी गाव विचारलं की तोंडात सोलापूरच येतं. शेंगाचटणी तिकडचीच लागते.

गेल्या महिन्यात मॅडमना फोन केला. कारखान्याबरोबर त्यांचंही काम सुटलं होतं. म्हणाल्या, "एका कॉलेजात मुलांना नोकऱ्या शोधून द्यायला बाई हवी आहे, पण मी अर्ज केला नाही."

"का?"

"अगं, मला त्यातला काय अनुभव? मी आपले तुमचे कागद लिहिले फक्त."

मला रागच आला. रविवारी सकाळी पहिली बस धरली. निघताना अम्मा दारातून म्हणाली, "पोयि रा." म्हणजे परत यायचं ते आता इकडं. हे सोलापूरला जाताना ऐकायचं, याची मला अजून सवय नाही.

मॅडमनी त्यांच्या घरी चहा समोर ठेवला. मी कप बाजूला सारले, कोरा फॉर्म पसरला आणि त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं.

"मॅडम, सकाळी कारखान्यात आल्यावर पहिलं काय करायचात, ते सांगा."

त्या हसल्या. मग चष्मा काढला आणि पुसत बसल्या.

"काय करणार? तुमी सगळ्या आलात का, ते बघायची."

मी लिहून घेतलं. "मग?"