आईला अजून फायनलला बसायचंय

मंडळी, आज दुपारी आईला मुलुंडच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, स्मरणशक्तीच्या तपासणीला. आई ब्याऐंशीची आहे.

"आजी, आता कुठलं साल चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"छप्पन," आई लगेच म्हणाली.

मग माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आणि या कोण?"

आई धडपडत उभी राहिली. "आमच्या बाई. बाई, तुम्ही दादांना सांगा ना, मला शाळेतून नका काढू. मला सातवीच्या फायनलला बसायचंय."

दादा म्हणजे माझे आजोबा. धाकटी भावंडं सांभाळायला त्यांनी तिला छप्पन साली शाळेतून काढलं. हे मला मामाकडून कळलं होतं. आई स्वतः कधी बोलली नाही.

मी म्हटलं, "दादा हो म्हणालेत गं. तू बस परीक्षेला."

काय हसली ती! आणि दोन मिनिटांनी पुन्हा हात जोडून, "बाई, दादांना सांगा ना."

डॉक्टर म्हणाले, नवीन काही आता डोक्यात राहणार नाही. जुनं तेवढं राहील, तेही काही दिवस.

घरी पोचेपर्यंत मी आठ वेळा हो म्हटलं. एकही 'हो' टिकला नाही. आजोबांचा तो 'नाही' मात्र तसाच आहे.

ती आत्ताही विचारतेय. तुम्ही काय सांगितलं असतं?