फटकामावशीच्या उजव्या हाताची जागा

समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अर्धापुरातील आमच्या गल्लीत टीव्हीवर बक्षिसांचा खेळ चालू असताना फटकामावशीच्या उजव्या हाताला कुणीही बसू नये. बसल्यास पाठीच्या होणाऱ्या नुकसानीस टीव्हीवाले, खेळणारे किंवा स्वतः मावशी यांपैकी कुणीही जबाबदार राहणार नाही.

ही सूचना कुठे लिहिलेली नव्हती, पण पाळत सगळे होते. संध्याकाळी गल्ली मावशीच्या बैठकीत जमायची. दिवाणावर मधोमध मावशी, डावीकडे भिंत, उजवीकडे एक पैलवान झोपेल एवढी मोकळी जागा, आणि आम्ही सगळे खाली सतरंजीवर एकमेकांच्या मांडीवर. कारण पडद्यावरच्या माणसानं चुकीचं उत्तर दिलं, की मावशीचा उजवा हात सुटायचा. ज्याची चूक तो मुंबईत, एसीत. त्याची शिक्षा भोगायला अर्धापूरची पाठ लागायची.

एकदा शाळेवर नव्यानं आलेले गुरुजी त्या जागेवर बसले. पडद्यावरच्या कुणा पदवीधरानं गोदावरीचा उगम नागपुरात नेऊन ठेवला. मावशीचा फटका असा बसला, की गुरुजींचा चष्मा टीव्हीखाली गेला. गुरुजी तो शोधता शोधता कळवळून म्हणाले, "मावशी, मला येत होतं हो उत्तर!" "मग तोंडात काय केळ कोंबलं होतं?" असं म्हणून मावशीनं दुसरा दिला. पुढं गुरुजींनी बदली मागून घेतली. कारण घरगुती लिहिलं होतं म्हणे.

टीव्हीलाही माफी नव्हती. जुना डबा मावशीच्या बुक्कीवरच चालायचा. चित्र हललं की वरून एक, आवाज गेला की बाजूनं एक. मग मुलानं भिंतीवरचा नवा, पातळ टीव्ही पाठवला. मावशीनं तो समोरून, कडेनं न्याहाळला आणि खिन्न होऊन म्हणाली, "ह्याला तर पाठच न्हाई. हाणायचं कुठं?"

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, केळीचे व्यापारी. बोलणं असं नाहीच. दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत बसायचे. ती खुर्ची त्यांनी लग्नानंतर लवकरच निवडली होती, आणि तिथपर्यंत मावशीचा हात पोचत नव्हता, एवढं सांगितलं म्हणजे त्यांचा संसार कळला.

एकुलता एक मुलगा वैभव नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाला, नोकरीला व्हिएतनामला गेला आणि तिथल्या लान नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. फोनवर ही बातमी ऐकल्यावर मावशीनं तो फोन पिठाच्या डब्यात फेकला. दोन दिवस काका पीठ चाळत होते. मग मावशीनं गल्लीसमोर जाहीर केलं, "येऊ दे तिला. खाऊ घालीन, पाणी देईन. पण जाताना ओटी भरणार न्हाई. ओटी लेकीसुनांची भरतात, पाहुण्याची न्हाई." वैभवही तिचाच मुलगा. तो म्हणाला, "आई, तिला रिकाम्या ओटीनं धाडलंस, तर मी बी ह्या दारात पुन्हा येत नाही." झालं! दोन्हीकडून तोफा लागल्या.

लान आली. किरकोळ अंगाची, हसऱ्या डोळ्यांची. सासूच्या पाया पडली. सासू भिंतीकडे बघत राहिली. नांदेडच्या बाजारात स्वतः हिंडून तिनं सासूसाठी मिक्सर आणला. तो खोक्यातच कोपऱ्यात पडून राहिला. घरात जेवण व्हायचं, शब्द व्हायचा नाही. वैभव आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि नुसता नखं खायचा.

मग ती संध्याकाळ आली. खेळ सुरू झाला होता, बैठक भरली होती, वैभव अंगणात कंपनीच्या फोनवर होता. लान भाजलेल्या शेंगांचं ताट घेऊन आली. बसायला जागा कुठे? तर एकच. बिचारी अदबीनं तिथं जाऊन बसली.

सतरंजीवरची माणसं मागं सरकली. कुणाच्यातरी बायकोनं डोळ्यांवर पदर घेतला. "बाई गं, उठ तिथून" असं म्हणायचं कुणाला सुचेना, आणि सुचलं तरी कुठल्या भाषेत म्हणणार? पडद्यावर एका बुवाला वस्तूची किंमत ओळखायची होती. वस्तू होती मिक्सर! बुवानं आकडा सांगितला, तो पडद्यावर उमटला. एवढ्यात तर मिक्सरचं झाकणही येत नाही.

धप्प!

शेंगा छतापर्यंत गेल्या. लान पुढे झुकली, सावरली. एक क्षण तिनं पडद्याकडं पाहिलं, आपल्या भाषेत त्या बुवाला काहीतरी जळजळीत हासडलं आणि मावशीच्या मांडीवर सणकून फटका हाणला.

मावशीवर हात उगारणारा तालुक्यात जन्मला नव्हता. काका खुर्चीतून उभे राहिले. लानचा आवाज ऐकून वैभव अंगणातून धावत आत आला.

"काय म्हणायली ही?" मावशीनं विचारलं.

"म्हणते, एवढ्यात मिक्सर येतो का, गाढव कुठला!"

मावशीनं लानकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "मी बी तेच म्हणायले की!" ती ओरडली, आणि दोघी मिळून त्या बुवावर तुटून पडल्या.

त्या रात्री वैभवला मधे बसवून चौकशी झाली. लान सांगत होती आणि वैभव मराठीत आणत होता. तिच्या लहानपणी तिकडं असे खेळ मोजकेच होते, तेही परदेशातून उचललेले. सुट्टीच्या दुपारी अख्खी गल्ली एका टीव्हीसमोर जेवायची. मग खेळ वाढले. किमतीचे, गाण्याचे, हसवण्याचे, चिखलात पडण्याचे, आणि आता दर संध्याकाळी लोक त्यालाच चिकटलेले. तिची आजी बाजारात मासे विकायची. उत्तर चुकलं की आजी जेवायच्या काड्या शेजारच्याच्या डोक्यात मारायची. "दिवसभर गिऱ्हाईक आजीला घासाघीस करून छळायचं," लान म्हणाली. "संध्याकाळी टीव्हीतल्या एवढ्या मोठ्या माणसाला मूर्ख म्हणायची पाळी आजीची."

 मावशी म्हणाली, "शहाणी बाई." आणि मिक्सरचं खोकं फोडायला घेतलं. सुरीनं नव्हे, हातानं.

पुढचे दिवस आम्ही व्हिएतनामी खेळ पाहिले. लान तिच्या फोनवरून ते टीव्हीवर लावायची. कुणी घसरड्या फळीवरून चिखलात पडे, आणि इकडं मावशी "अरे, कमरंत जोर हाय का न्हाई!" म्हणत लानला हाणी, लान मावशीला. दोघींच्या दंडांवर सारखेच काळेनिळे वळ होते.

तरी ओटीचं कुणी बोललं नव्हतं. मावशीचा शब्द म्हणजे शब्द. जायच्या सकाळी रिक्षा दारात लागली, सामान चढलं, मावशी आत गेली ती गेलीच. वैभवनं एकदा दाराकडं पाहिलं आणि लानला म्हणाला, "चल."

तेवढ्यात मावशी बाहेर आली ती सूप घेऊन. तांदूळ, नारळ, हिरवा खण. "पदर धर," ती गुरगुरली. लानला पदर नव्हता. तिनं ओढणी पसरली. मावशीनं नारळ असा आदळला, की पोरगी गुडघ्यांत वाकली. कुंकू असं दाबलं, की मान मागं गेली. मग तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवत मावशी ओरडली, "दिवाळीला आली न्हाईस तर तिथं येऊन तंगडं मोडीन!"

लाननं वैभवकडं पाहिलं. तो रिक्षाकडं तोंड फिरवून डोळे पुसत होता.  आणि काका, आमचे मुके काका, मोठ्यानं बोलून गेले:

"एवढं गोड तर ही माझ्याशी बी कधी बोलली न्हाई!"