मधलं कुणी ऐकलं?

आधी आपांचं सांगते. कुकटपल्लीच्या कॅसेट कारखान्यात त्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. मराठी त्यांना सगळं कळायचं, बोलायच्या मात्र दखनी उर्दूत. त्या नसत्या तर तारनाक्याच्या त्या बैठकीत मी तोंडच उघडलं नसतं.

आठवीत शाळा सोडलेली मी हिंगोलीकडून इथं आले, तेव्हा शहरात नव्या नोकऱ्या, नवे फ्लॅट, नव्या पैशाचा ऊत आला होता. आमचं काम कॅसेटी तपासायचं. कानाला हेडफोन लावायचा, कॅसेटच्या एकेका बाजूचं पहिलं अर्धं मिनिट ऐकायचं, शेवटचं अर्धं ऐकायचं, आवाज साफ असला की पुढची. एकेका गायकाची सुरुवात मी शेकडो वेळा ऐकली होती. मधलं एकदाही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी विक्रीच्या खिडकीवर बसायची. तिथं पुण्याच्या एक बाई यायच्या, नवरा कॉम्प्युटर कंपनीत. "कुणालाच माहीत नाही असं काही आहे का गं?" मी सुचवायची, त्या न्यायच्या. एकदा म्हणाल्या, "रविवारी घरी ये. आमचं श्रवण मंडळ असतं. पाच अनोळखी कलाकार सुचव, वेगवेगळ्या प्रकारचे. सगळे फार जिज्ञासू आहेत हो."

हो म्हणून बसले. कुणी मधलं विचारलं तर? शाळा सोडलेली बाई, वर खोटारडी.

आपा म्हणाल्या, "कायकू डर री गे? तू बैठ के पूरा सुन. तेरा माल मैं देख लेती." आठवडाभर दोन टेबलांचं काम त्यांनी एकटीनं ओढलं. सुपरवायझर फिरकला की मोठ्यानं खोकायच्या.

मी ऐकलं. ज्या कव्वालाची सुरुवात मला फार आवडायची, तो मधे नुसता ओरडत होता. त्याला काढला, दुसरा घेतला. वारंगळकडचा बुर्रकथा, म्हणजे तेलुगू पोवाडा, सांगणारा गोष्टीतल्या ऐन लढाईत स्वतःच हसला होता आणि साथीदारानं तो हशा तालात घेतला होता. लंबाडी, म्हणजे बंजारा, बायांचा एक गट, एक नादस्वरमवाला, दक्षिणेकडचा सनईवालाच म्हणा. आणि आमच्या मराठवाड्याची एक भीमगीतं गाणारी; तिसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटतो, आणि ती तो फाटकाच पुढं नेते.

रविवारी तारनाक्याला बाईंच्या घरी गेले. परदेशी म्युझिक सिस्टिम, हातात रिमोट घेतलेले बाईंचे साहेब, मंडळींच्या मांडीवर डायऱ्या. एक कॅसेट लागायची, दोन मिनिटांत साहेब बटण दाबायचे. "इंटरेस्टिंग! पुढची?" की सगळ्यांनी नाव लिहून घ्यायचं. जिज्ञासा म्हणजे एवढंच. भाजीची यादी करतात तशी.

भीमगीतांवर एका काकांनी विचारलं, "हिचं घराणं कोणतं?"

"तिला घराणं नाही, काका. घर आहे, परभणीत."

हसले सगळे. बाई उठल्या, "मी चहाचं बघते." साहेबांचं बोट बटणाकडं गेलं.

मी म्हणाले, "साहेब, तिसऱ्या कडव्यापर्यंत राहू द्या ना."

"अगं, कल्पना आली आम्हाला."

कल्पना! मला अर्ध्या मिनिटाचीच नोकरी होती, म्हणून मी तेवढं ऐकायची. यांना कोण हाकलत होतं? मधलं कसं आहे, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. ज्यांच्या भीतीनं आठवडाभर माझी झोप उडाली, त्यांना ऐकायचंच नव्हतं. आपल्याला माहीत आहे, एवढं चारचौघांत म्हणायचं होतं. चहा न घेता मी पाचही कॅसेटी उचलल्या.

सोमवारी आपांनी विचारलं, "पूरा सुने क्या लोगां?"

"नाही."

"तू तो सुनी ना? बस हो गया." आणि हेडफोन लावून पुढची कॅसेट घेतली. अर्धं मिनिट.

तेव्हा ध्यानात आलं, इतक्या वर्षांत आपांनी स्वतः एकही बाजू पुरती ऐकलेली नाही. आपा, एक दिवस तुमचं टेबल मी ओढीन. खोकायचंही मीच बघीन. तुम्ही फक्त बसा, आणि तिसरं कडवं येऊन जाईपर्यंत उठू नका.