सिद्रामच्या घरचं पाणी

सिद्राम बनसोडे टॉवेलच्या कारखान्यात माग चालवून म्हातारा झाला. मागांच्या खडखडाटानं कान अधू झाले, पण मालकाबद्दल वाकडा शब्द मात्र त्याला बरोबर ऐकू यायचा, आणि तो अंगावर धावून जायचा. मालक म्हणजे रुद्रप्पा शेठ. कारखाना त्यांनीच उभा केलेला, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. कंपनीनं शेअर काढले तेव्हा सिद्रामनं फंडाचे पैसे त्यात घातले आणि जोडीला लेकीचं, धम्मप्रियाचं, नाव लावलं.

आता कुणी म्हणेल, नफ्याची हाव. छे हो! कारखान्यात सोबतची माणसं सिद्रामला आपल्या माठाला हात लावू देत नसत. एकदा मागाच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला, तेव्हा अण्णा स्वतः वस्तीत त्याला बघायला आले. दारात बसले, पाणी मागितलं आणि सगळ्या वस्तीदेखत घटाघटा प्यायले. झालं! त्या दिवसापासून सिद्राम त्यांचा.

यंदा उन्हाळ्यात बोंब उठली. अण्णा केबिनमध्ये बोलावून अंगचटीला येतात, अशी तीन बायकांनी तक्रार केली. पेपरात बातमी आली, बायकांची नावं नव्हती. वाटलं, आता शेअरवाले पळणार. कोण पळतंय! टॉवेल खपतोय तोवर आपल्याला काय, असं कुणी म्हणालं. कुणाला, आता विकले तर आपणच येडे ठरू, याची लाज. सिद्रामचा तर प्रश्नच नव्हता.

धम्मप्रिया त्याच कारखान्याच्या ऑफिसात होती. बातमीच्या आधीच तिनं नोकरी सोडली होती, का ते सांगितलं नव्हतं. तेव्हा सिद्राम तिला लई बोलला होता, उपकाराची जाण नाही म्हणून. बातमी आली त्या दिवशी तिनं एकदाच विचारलं, त्या बायका खोटं बोलत असतील का.

"अण्णा तसला मानूस न्हाय," म्हणून त्यानं पेपरची घडी घातली.

ती भाकरी थापायला आत गेली. अरे बाबा, लेकीच्या तोंडाकडं तरी बघायचंस! पण नाही.

कंपनीच्या वार्षिक सभेला मात्र तीच म्हणाली, माझंही नाव आहे, मी येते. सिद्रामला बरं वाटलं, पोरीचा राग निवळला म्हणायचा. दरवर्षीसारखा दारात एकेक टॉवेल आणि शेंगाचटणीची पुडी मिळाली. अण्णांना परत अध्यक्ष करायचा ठराव आला. हात वर करा म्हटल्यावर हॉलभर हात उठले. सिद्रामनं मुद्दाम तो पट्ट्यात सापडलेला, वाकडा हात उचलला, स्टेजवरून अण्णांना दिसावा म्हणून.

मग रीत म्हणून विचारलं, विरोधात कोण. सिद्रामच्या शेजारून एक हात वर गेला. सगळ्या हॉलात तेवढा एकच.

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं आणि झटकन मान खाली घालून कागद चाळू लागले. सिद्राम आयुष्यभर त्या चेहऱ्याकडं बघत आलेला माणूस. काय ते त्याला उमगलं. टॉवेल खुर्चीवरच टाकून तो उठला.

बाहेर रिक्षाची वाट बघताना त्यानं विचारलं, त्या तिघींत तू होतीस का. पहिली तक्रार माझीच, असं ती म्हणाली. म्हातारा रस्त्यातच रडायला लागला. तोंडातून निघालं ते एवढंच.

"त्यांनी आपल्या घरचं पानी पिलं व्हतं गं."

"तांब्या मीच आणून दिला होता, आबा," ती म्हणाली. "शाळेतून नुकतीच आले होते."

रिक्षात बसल्यावर सिद्राम तो दिवस आठवायला लागला. दारात बसलेले अण्णा लख्ख दिसले, बघणारी वस्ती दिसली, तांब्यासुद्धा दिसला. तांब्या धरलेली पोर काही केल्या दिसेना.