मुलुंडचे संशयित ठिपके

आमच्या ग्रुपने आकाशात अजून फारसं काही शोधलेलं नाही. पण संशय घेण्यात आम्ही इतकी प्रगती केलीय, की किस्से सांगायला बसलो तर चहा पुन्हा गरम करावा लागतो.

आम्ही चौघं. रविवारी सकाळी मुलुंडला सावंतकाकांच्या हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसतो. परदेशातली एक मोठी दुर्बीण सतत आकाशाचे फोटो काढत असते आणि ते हौशी लोकांनाही बघायला मिळतात. नव्या फोटोतून त्याच जागेचा जुना फोटो कॉम्प्युटर वजा करतो. आधीपासून असलेलं सगळं पुसलं जातं आणि नवं काही उगवलं असेल तर तेवढा ठिपका उरतो. तो लांबच्या एखाद्या गॅलक्सीत फुटलेला तारा असू शकतो.

बहुतेक वेळा नसतो! कॅमेऱ्यावरचा डाग असतो, नाहीतर मध्येच आलेला उपग्रह. म्हणून आमच्याकडे ठिपक्याला 'आरोपी' म्हणतात. तो खोटा आहे हे सिद्ध करायला चौघंही तुटून पडतो. त्यातूनही सुटला, तर आंतरराष्ट्रीय साइटवर कळवायचं. जो आधी कळवेल, त्याचं नाव लागतं.

*

सावंतकाका ट्रॉम्ब्याला मीटर तपासायच्या नोकरीतून रिटायर झाले. त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट बोलते. "तिसरा मजला," असं ती स्पष्ट सांगते, तरी काका आधी डोकं बाहेर काढून भिंतीवरचा आकडा वाचतात.

एकदा मी म्हटलं, "काका, लिफ्ट कशाला खोटं बोलेल?"

"खोटं नाही रे बोलणार. पण तिचा गैरसमज झाला असेल तर?"

*

रूपेश वेसाव्याचा. घरचा मासळीचा धंदा. रविवार सकाळ म्हणजे गिऱ्हाइकांची झुंबड, आणि नेमका तेव्हाच हा मुलुंडला पळतो. आईला दाट संशय, की पोरगं कुणा मुलीला भेटायला जातंय.

एका रविवारी ती त्याच्या मागोमाग थेट काकांच्या दारात! आम्ही तिला खुर्ची दिली. आमचं आपलं चालूच. काळा पडदा, पांढरे ठिपके, चौघं माना पुढे काढून गप्प. तिने बराच वेळ सहन केलं. मग पदर खोचून उठली आणि जिना उतरताना म्हणाली,

"पोरगी असती तर बरं झालं असतं!"

*

माझाही एक पराक्रम आहे. माझं घाटकोपरला चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे नजरेचा मला जरा जास्तच अभिमान. एका गॅलक्सीत मला पांढऱ्याऐवजी काळा ठिपका दिसला. मी ओरडलो, "तारा गायब झालाय! कुणीतरी गिळला!"

काकांनी शांतपणे जुना फोटो उघडला. तो नेमका एक तारा फुटलेला असताना काढलेला होता. आता तो विझला होता, म्हणून वजाबाकीत तिथे भोक पडलं. तो शोध कधीच कुणाच्या तरी नावावर लागून जुना झालेला.

"अभिनंदन," प्रज्ञा म्हणाली. "बारशाला निघालास आणि वर्षश्राद्धाला पोचलास!"

*

आता प्रज्ञाबद्दल सांगायला हवं. प्रज्ञा कांबळे, घर वाकोल्याला, नोकरी अंधेरीला एका इन्शुरन्स ऑफिसात. तिथेही काम क्लेम खरे की खोटे ते बघायचं! आमच्यात सगळ्यात तयार नजर तिची. तिला एकच गोष्ट हवी होती, एका ताऱ्यापुढे आपलं नाव.

पहिला चांगला आरोपी तिनेच पकडला. आनंदाच्या भरात घरी सांगून बसली आणि वडिलांनी चाळीत पेढे वाटले. इकडे काकांचा नियम आडवा आला, दुसऱ्या रात्रीचा फोटो बघितल्याशिवाय कळवायचं नाही. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या माणसाने कळवून टाकलं. वाट लागली! चाळीतले लोक बरेच दिवस विचारत होते, "प्रज्ञा, तारा आला का गं घरी?"

दुसऱ्यांदाही तेच झालं. या वेळी वडिलांनी पेढे आणले नाहीत. फक्त विचारलं, "काही पावती वगैरे देतात का?" ते तिला फार लागलं.

*

दोनदा हुकल्यावर प्रज्ञाला खात्रीच पटली, की आपल्यातलाच कुणीतरी बाहेर खबर देतोय. तिने सापळा लावला. एका फोटोत स्वतःच खोटा ठिपका चिकटवला आणि ग्रुपवर टाकला. आता जो चुळबुळ करेल, तोच फितूर.

झालं भलतंच. रूपेशने तिला गुपचूप मेसेज केला, "हे काकांचं काम आहे, आपली परीक्षा घेतायत." मी तिला कळवलं, "रूपेशने काहीतरी गडबड केलीय, सांभाळ." काकांनी तर सरळ फोनच केला.

"ठिपका फारच सुबक आहे गं. आकाश एवढं टापटीप नसतं!"

*

आणि मग तो रविवार. त्याच्या आधीच्या गुरुवारी प्रज्ञाने ग्रुपवर एक आरोपी टाकला होता. अंधूक गॅलक्सी, कडेला ठिपका. डाग नाही, उपग्रह नाही, जागचा हलतही नाही. आम्ही तीन दिवस झटलो, दोष सापडेना. त्यामुळे काकांचा संशय आणखी वाढला. "दोषच नाही म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय," हे त्यांचं पालुपद.

"बास झालं काका," रविवारी प्रज्ञा म्हणाली. "मी आत्ता पाठवतेय."

तिने साइट उघडली आणि पांढरीफटक पडली. तो ठिपका तिथे आधीच नोंदवलेला होता! नाव बघायलाही ती थांबली नाही. लॅपटॉप धाडकन मिटला आणि आमच्यावर उखडली.

"मला माहीत होतं! तीन दिवस ठिपका आपल्या ग्रुपबाहेर गेला नव्हता. कोण आहे ते सांगा. यार, तिसऱ्यांदा मी घरी काय तोंड दाखवू?"

रूपेशने माझ्याकडे बघितलं. मी रूपेशकडे.

"मी पाठवला," काका म्हणाले. "गुरुवारीच."

"तुम्ही? कुणाच्या नावावर?"

"तुझ्याच."

"पण तुम्ही तर आत्तापर्यंत संशय घेत होता!"

काकांनी चष्मा काढला. एरवी शुद्ध बोलणारे काका एकदम मालवणीवर आले.

"ठिपक्यावर घेय होतंय गो. तुझ्यावर नाय."

प्रज्ञाने ओढणीने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि लॅपटॉप काकांच्या पुढे सरकवला.

"दाखवा!"